‘वाजवी’ कोणाच्या मापाने?

शेर आणि पायली ही मापे कोणाच्या मालकीची, असा प्रश्न आपल्या वाडवडिलांना कधी पडला नाही. माप सर्वांचे असते, म्हणूनच बाजार चालतो. उद्या कोणी उठून म्हणाला, ‘पायलीची कल्पना माझी, दर मापामागे मला एक पै द्या,’ तर केवढा कल्लोळ माजेल! संगणकाच्या बाजारपेठेत असा कल्लोळ खरोखरच माजला होता. त्याची हकीकत आमच्या वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

टेलिफोनच्या तारेवरून चित्र धाडावयाचे तर ते आधी आटोपशीर करावे लागते. पुन्हा पुन्हा येणारा मजकूर दर वेळी न लिहिता एका खुणेने सांगावयाचा, ही त्यामागील युक्ती. लेंपेल व झिव या शास्त्रज्ञांनी १९७८ साली तिची एक रीत मांडली. टेरी वेल्श यांनी ती सुधारून १९८४ साली प्रसिद्ध केली. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने १९८७ साली तिच्या आधारे ‘जिफ’ हा चित्रे साठविण्याचा नमुना सर्वांसाठी खुला केला आणि तो जगभर रुळला. परंतु वेल्श यांच्या रीतीवर १९८५ सालीच पेटंट मिळालेले होते व ते पुढे युनिसिस या कंपनीकडे आले होते. १९९४ च्या डिसेंबरअखेर जाहीर झाले की, जिफ चित्रे हाताळणारी प्रणाली विकणाऱ्यांनी आता परवाना घेऊन रॉयल्टी भरावी. सात वर्षे सार्वजनिक समजून ज्या पायवाटेने लोक गेले, तिच्यावर अचानक जकातनाका उभा राहिला!

संगणकतज्ज्ञ नुसते चरफडत बसले नाहीत. १९९५ च्या जानेवारीतच त्यांनी पेटंटमुक्त अशा ‘पीएनजी’ नमुन्याची आखणी सुरू केली. वर्ल्ड वाइड वेबचे दंडक ठरविणाऱ्या ‘डब्ल्यू-थ्री-सी’ या संस्थेने १९९६ च्या ऑक्टोबरात त्यास मान्यता दिली. युनिसिसचे अमेरिकन पेटंट २००३ च्या जूनमध्ये संपले. नवा नमुना मात्र आजही नांदतो आहे.

तथापि खरा वाद पुढेच होता. २००१ साली याच संस्थेपुढे एक मसुदा आला. एखाद्या दंडकात कोणाचे पेटंट गुंतले असेल, तर त्याने ‘वाजवी व भेदभावरहित’ रॉयल्टी घेण्यास हरकत नसावी, असा त्याचा आशय. शब्द किती गोड! परंतु यावर जगभरातून निषेधाचा पाऊस पडला.

कारण समजण्यास पाणपोईचा दाखला पुरे. उन्हाळ्यात कोणी रस्त्यावर पाणी वाटतो. त्यास ‘पेल्यामागे केवळ एक पैसा द्या’ म्हटले, तर रक्कम क्षुल्लक आणि सर्वांस समान. तरीही पाणपोई बंद पडेल. ज्याची काही मिळकतच नाही आणि किती जण पिऊन गेले हे जो मोजीत नाही, तो पेल्यागणिक कर कोठून भरणार? विनामूल्य प्रणाली वाटणाऱ्यांची अवस्था हीच होती. विकणाऱ्यास जे वाजवी, ते वाटणाऱ्यास अशक्य.

संशोधकास श्रमाचे मोल मिळू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पेटंट हा त्याचा हक्कच आहे. परंतु आपली वस्तू सर्वांचे माप म्हणून पुढे करावयाची आणि लोक तिच्यात गुंतल्यावर दाम मागावयाचा, हा सौदा सरळ नव्हे. अखेर संस्थेने मसुदा बदलला. दंडक घडविण्यात भाग घेणाऱ्यांनी त्यास आवश्यक असलेली आपली पेटंटे रॉयल्टीविना खुली ठेवावीत, हे धोरण २००४ च्या फेब्रुवारीपासून लागू झाले.

आपल्या देशातही या विचाराची चाहूल दिसते. भारतीय पेटंट कायद्यानुसार गणिती रीत व निव्वळ संगणक-प्रणाली यांस पेटंट मिळत नाही. सरकारी कारभारातील संगणकीय दंडक शक्यतो रॉयल्टीमुक्त असावेत, असे धोरण भारत सरकारने २०१० साली जाहीर केले.

नातवाने परगावाहून धाडलेले छायाचित्र पडद्यावर उमटते, तेव्हा त्यामागे केवढा झगडा झाला हे आपल्या गावीही नसते. माप सर्वांचे राहिले, म्हणून पाणपोई चालू राहिली. ‘वाजवी’ हा शब्द कानी पडताच, ‘कोणाच्या मापाने?’ एवढे विचारण्याची सवय आपण घरोघरी लावून घ्यावी, हे बरे.