निकालाच्या दिवसांत मुलांना काय विचारावे

दहावी-बारावीचा निकाल लागतो त्या दिवशी पांढुर्ण्यात काय आणि सौंसरला काय, दुपारपर्यंत एकच प्रश्न फिरत असतो : किती टक्के? मोबाइलवरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गुणपत्रिकांचे फोटो येतात, पेढ्यांचे फोटो येतात. काटोल, नरखेड, वरुडकडच्या मावश्या-आत्यांचे फोन येतात. त्यांच्या मुलांचे बोर्ड वेगळे, निकालाची तारीख वेगळी. तरी तुलना व्हायची ती होतेच. ज्या घरातून फोटो येत नाही, त्या घराबद्दल संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेले असते. आणि त्या घरातल्या मुलालाही कळलेले असते की, सगळ्यांना कळले आहे.

या लेखात आम्ही एका कठीण विषयावर बोलणार आहोत. शाळकरी मुलांच्या आत्महत्या हा विषय आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत सहसा निघत नाही, आणि निघाला तर आवाज खाली करून निघतो. पण आकडे पाहिले तर गप्प बसण्यासारखे नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत महाराष्ट्रातील १,७६४ आणि मध्य प्रदेशातील १,३४० होते. या यादीत महाराष्ट्र पहिला, तमिळनाडू दुसरा आणि आपला मध्य प्रदेश तिसरा. म्हणजे आपले घर ज्या राज्यात आहे ते, आणि आपले सोयरे ज्या राज्यात आहेत ते, दोन्ही पहिल्या तिघांत आहेत.

वर्तमानपत्रात बातमी येते ती एका ओळीची : नापास झाल्याने अमुक मुलाने जीवन संपवले. ही ओळ वाचून आपण समजतो की कारण कळले. ते इतके सोपे नसते. अठरा वर्षांखालील मुलांच्या नोंदी पाहिल्या, तर परीक्षेतील अपयशापेक्षा कौटुंबिक कारणांचा वाटा कितीतरी मोठा दिसतो. प्रेमप्रकरण, आजार, छळ, घरातले व्यसन ही कारणेही आहेत. बहुतेक वेळा तीन-चार गोष्टी आधीपासून साचत आलेल्या असतात आणि निकाल हा फक्त शेवटचा धक्का ठरतो. तसे नसते तर नापास होणाऱ्या लाखो मुलांपैकी बहुतेक सगळी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा प्यायली नसती.

या साचण्यात पैशाचाही भाग असतो. आम्ही बँकेत असताना शिक्षणकर्जाच्या अर्जासोबत बाप आणि मुलगा दोघेही येत. मुलगा शेजारी बसून सगळे ऐके : किती लाख, कोणते शेत तारण, हप्ता कधीपासून. बाप सहज म्हणून जाई, ‘साहेब, याच्यावरच आहे आता सगळं.’ बापाच्या मनात अभिमान असे. पण ते वाक्य पोरगा घरी घेऊन जात असणार. नागपूरच्या कोचिंगची फी, खोलीचे भाडे, त्या वर्षी संत्र्याला मिळालेला भाव, हे सगळे मुलांना ठाऊक असते. हिशेब मुलांपासून लपवावा असे आमचे म्हणणे नाही. पण कर्जाची जबाबदारी कर्ज घेणाऱ्याची आहे, सतरा वर्षांच्या मुलाच्या टक्क्यांची नाही, हे एकदा तरी तोंडाने सांगावे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशही होता. त्यात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक त्रास आढळला. साठ मुलांचा वर्ग धरला तर सरासरीने चार मुले झाली. त्या चौघांपैकी कोणी ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. आपल्याकडची मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदीत शिकतात आणि कोचिंगला गेली की इंग्रजी ऐकतात. मनाच्या दुखण्याचे शब्द त्यांना तिन्ही भाषांत कोणी दिलेले नाहीत. म्हणून ते दुखणे वेगळ्या वाटेने बाहेर येते. रोज सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखते. डोके जड होते. झोप लागत नाही, किंवा पोरगी दिवसभर लोळून असते. बारीक गोष्टीवर आदळआपट होते. या वयातले नैराश्य उदास चेहऱ्यापेक्षा चिडचिडेपणातून जास्त दिसते आणि आपण त्याला ‘लाडावला’ म्हणून मोकळे होतो. असे दोन आठवड्यांहून अधिक चालले, खाणे-झोपणे-अभ्यास-मित्र सगळ्यांतच फरक पडला, तर तो वयाचा दोष नव्हे.

त्याहून पुढची काही लक्षणे अशी आहेत की, ती दिसल्यावर उद्यावर ढकलू नये. ‘मी नसतो तर तुमचा खर्च वाचला असता’ असे बोलणे. आवडीच्या वस्तू वाटून टाकणे. मित्रांना निरोपासारखे मेसेज पाठवणे. स्वतःच्या अंगाला इजा करून घेणे. आणि बरेच दिवस फार अस्वस्थ असलेले मूल एकाएकी अगदी शांत होणे. या शेवटच्या गोष्टीने घरचे निश्चिंत होतात, तिथेच सावध व्हायचे असते. ज्याने आधी एकदा प्रयत्न केला आहे, त्याच्या बाबतीत तर धोका नेहमी अधिकच धरावा.

आता मुख्य गोष्ट. असे काही दिसले तर विचारावे की नाही? आपल्या घराघरांत पक्की समजूत आहे की, हा शब्दच काढू नये. काढला तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू. ही समजूत चुकीची आहे. जगभरच्या अभ्यासांत असे आढळलेले नाही की, थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार वाढतो. उलट ज्याच्या मनात तो आहे त्याला विचारणाऱ्यामुळे हायसे वाटते, कारण जे ओझे तो एकटा वाहत होता ते कोणीतरी ओळखले. ज्याच्या मनात नाही, तो ‘काय आई, काहीही बोलतेस’ म्हणून हसेल. विचारण्याचा तोटा इतकाच.

विचारायचे ते चारचौघांत नाही, रागाच्या भरात नाही आणि जेवणाच्या ताटावर तर मुळीच नाही. शेतावर जाता-येता, गाडीवर मागे बसलेले असताना, रात्री अंगणात, जिथे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही तिथे मुले बोलतात. आपल्या बोलीतच विचारावे : ‘का रे बाबू, आठ दिवस झाले, तू जेवून नाही राहिला, झोपून नाही राहिला. लई जड वाटते का?’ थोडे थांबावे. मग सरळ : ‘तुले कधी असं वाटते का, आता जगूच नये?’ हे वाक्य तोंडातून निघताना जीभ अडखळते. अडखळली तरी चालेल.

उत्तर ‘हो’ आले तर? तेव्हा बहुतेक आईबाप घाबरून नेमके नको ते बोलतात. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं.’ ‘लोक काय म्हणतील?’ ‘आमच्या वेळी तर दिवे नव्हते घरात.’ ‘देवाची शपथ घे, पुन्हा असं बोलणार नाहीस.’ शपथ घेतलेले मूल पुढच्या वेळी सांगत नाही, एवढाच त्या शपथेचा उपयोग. त्याऐवजी ऐकावे. ‘बरं केलं सांगितलंस’ म्हणावे. कधीपासून वाटते, काही ठरवले आहे का, हेही विचारावे. ठरवले आहे असे म्हणाले तर मुलाला एकटे सोडू नये, रात्रीही नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ‘कोणाला सांगू नका’ हे वचन मात्र देऊ नये. बाबाला सांगू, डॉक्टरला सांगू, गावभर नाही सांगणार, असे प्रामाणिकपणे सांगावे. आणि हे विचारणारा बापच असला पाहिजे असे नाही. पुष्कळ घरांत मूल बापाशी बोलत नाही, पण काकूशी किंवा मामाशी बोलते.

दुसरी गोष्ट घरातल्या कपाटाची. तीव्र लहर बहुधा थोडा वेळ टिकते, कधी काही मिनिटे, कधी काही तास. त्या वेळात हाताशी घातक वस्तू नसेल तर बहुतेक माणसे वाचतात, आणि एकदा वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ‘ज्याने ठरवलं तो करणारच’ हे आपले वाक्य म्हणून खोटे आहे. आपला भाग कापसाचा आणि संत्र्याचा. पोळ्याच्या सुमारास फवारणी जोरात असते आणि औषधाचे डबे ओसरीत, खाटेखाली, कधी न्हाणीघराच्या कोनाड्यात पडलेले असतात. श्रीलंकेने अतिविषारी शेती-औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, तेव्हा १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. पिकाचे उत्पन्न त्यामुळे घटले नाही. बंदी घालणे सरकारचे काम आहे, पण पेटी, कुलूप आणि किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात, एवढे तर घरचे काम आहे. औषधे शक्यतो शेतावरच्या खोलीत ठेवावीत, लागेल तेवढीच आणावीत. आजी-आजोबांच्या गोळ्यांनाही हाच नियम.

आणि कधी वाईट घडलेच, तर घरगुती उपायात वेळ न घालवता १०८ किंवा ११२ ला फोन करावा आणि थेट सरकारी दवाखाना गाठावा. पोलीस केस होईल या भीतीने लोक उशीर करतात. दवाखान्यातून पोलिसांना कळवले जाते, हे खरे आहे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ सांगते की, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरावे आणि तिला शिक्षा करू नये; तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी आहे. जुन्या दंडसंहितेतले ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहिता आल्यावर, गेलेच.

परीक्षेच्या व्यवस्थेतही काही चांगले बदल झाले आहेत आणि ते घरोघर माहीत असायला हवेत. वर्ष वाया जाण्याची भीती कमी केली की जीव वाचतात, हे तमिळनाडूने आधी ओळखले; चेन्नईत १९८६ साली ‘स्नेहा’ संस्था सुरू करणाऱ्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी नापास मुलांना लगेच पुन्हा परीक्षा देता यावी याचा पाठपुरावा केला होता. महाराष्ट्राने २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैतच घेणे सुरू केले. आपल्याकडे २०१६ पासून ‘रुक जाना नहीं’ योजना आली आणि २०२५ पासून मंडळ दुसरी परीक्षा घेते. नापास झालेले तर ती देऊ शकतातच, पण गुण वाढवायचे असलेलेही देऊ शकतात. निकालाच्या आधीच, पेपर चालू असतानाच, हे मुलाला सांगून ठेवावे. निकालानंतर सांगितले तर ते सांत्वन वाटते, आधी सांगितले तर माहिती.

मदतीसाठी १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा चोवीस तास आणि मोफत आहे. देशभरात ती २० भाषांत चालते, त्यांत मराठीही आहे. मुलांसाठी १०९८ आहेच. फोन मुलानेच करायचा असे नाही. काय करावे हे कळत नसलेल्या आईनेही करावा. मानसरोगतज्ज्ञ छिंदवाड्याला आणि नागपूरला मिळतात. दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि गुडघ्याच्या दुखण्यासाठी आपण नागपूर गाठतोच. शाळेचेही कर्तव्य आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा प्रकरणात सांगितले की, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, आणि गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, त्यांना सर्वांसमोर लाजवू नये. हे शाळांना आणि कोचिंगलाही लागू आहे. पालकसभेत फीबद्दल आपण हिरिरीने बोलतो. पुढच्या सभेत आपल्या शाळेचा समुपदेशक कोण, हेही विचारून पाहावे.

राहिला आपल्या मंडळाचा गुणवंत सत्कार. तो बंद करावा असे आम्हाला वाटत नाही. मेहनत केलेल्या मुलाला शाल-श्रीफळ मिळाले तर कोणाचे काही जात नाही. मात्र मंचावरून टक्के वाचून दाखवणे थांबवावे, नाव आणि शाळा पुरेशी आहे. दुसऱ्या परीक्षेत पास झालेल्यांना त्याच रांगेत बोलवावे. म्हणून सत्कार दुसऱ्या परीक्षेच्या निकालानंतर ठेवावा लागेल, म्हणजे तारीख पुढे जाईल. काही सभासदांना हे पटणार नाही. त्यांनी कार्यकारिणीच्या बैठकीत यावे, तिथे बोलू.

आणि ज्या घरात असे मूल गेले आहे, तिथे भेटायला जाताना ‘का केलं हो त्यानं?’ हा प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवावा. चिठ्ठीत काय होते, हे विचारू नये, ग्रुपवर फोटो टाकू नये. त्याच्या धाकट्या बहिणीकडे आणि वर्गातल्या जवळच्या मित्रांकडे मात्र पुढचे काही महिने मुद्दाम लक्ष असू द्यावे. अशा मृत्यूनंतर सर्वांत जास्त धोका त्याच मुलांना असतो, आणि त्या गर्दीत त्यांना कोणी काही विचारत नाही.