गादी, काउंटर आणि स्टूल

सोलापूरच्या नवी पेठेतल्या कापड दुकानांत काम करण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. साड्यांच्या जुन्या वळणाच्या दुकानात पांढऱ्या चादरीने झाकलेली गादी असते. गिऱ्हाईक आणि सेल्समन दोघेही तिच्यावर बसतात आणि मधे साड्यांच्या घड्या उलगडत जातात. रेडीमेड, शर्टिंग-सूटिंग, शाळेचे गणवेश, चपला यांच्या दुकानांत काउंटर असतो, आणि काउंटरमागचा माणूस उभा असतो. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री शटर ओढेपर्यंत तो उभाच. लग्नसराई, दिवाळी, जूनमधली शाळेची खरेदी आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा या दिवसांत त्याचे जेवणही घाईघाईतच उरकते. कामाची जागा, अवजारे आणि वेळा माणसाच्या शरीराला जुळवून घेणाऱ्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. हे नाव निघाले की संगणकापुढची फिरती खुर्ची आठवते. पण या शास्त्राची निकड जिथे खुर्चीच नाही तिथे जास्त आहे.

उभे राहणे हा स्वतः काही आजार नव्हे. चालताना पोटरीचे स्नायू आकसतात, सैलावतात आणि पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. शिरांमधल्या झडपा ते रक्त पुन्हा खाली येऊ देत नाहीत. माणूस एकाच जागी खिळून उभा राहिला की पोटरीचा हा पंप थांबतो. रक्त पायांतच साचते, संध्याकाळी घोटे सुजतात, चप्पल घट्ट होते. वर्षानुवर्षे असेच चालले तर झडपा कमकुवत होतात आणि शिरा फुगून निळसर, वेड्यावाकड्या दिसू लागतात. कंबरेचे स्नायू तर दिवसभर ताणलेलेच असतात. हे ज्ञान नवे नाही. इटलीतले वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी उभ्याने काम करणाऱ्यांच्या पायांचा आणि बैठे काम करणाऱ्या शिंप्यांच्या पाठीचाही विचार केला. रोग्याला त्याचा धंदा काय हे आधी विचारा, असा त्यांचा वैद्यांना सल्ला होता.

मग गादीवरचा सेल्समन सुखी म्हणायचा का? अर्धाच. तो बसलेला असला तरी साडी दाखवताना कंबरेतून पुढे वाकतो आणि लांबवलेल्या हातांनी पदर पसरतो. पाठीचा कणा वाकवून बसले की मणक्यांमधल्या चकत्यांवर ताठ उभे असतानापेक्षा जास्त दाब येतो, हे स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात चकत्यांमधला दाब प्रत्यक्ष मोजून दाखवले. शिवाय गिऱ्हाइकाने ‘अजून दाखवा’ म्हटल्यावर उठून कपाटाकडे जायचे, पुन्हा मांडी घालायची. पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांना ही उठबस जड जाते. तरी गादीची एक गोष्ट काउंटरपेक्षा चांगली आहे: शरीर एकाच ठेवणीत तासन्‌तास अडकत नाही. तासन्‌तास बसणेही वाईट आणि तासन्‌तास उभे राहणेही वाईट. आलटून पालटून केले तर दोन्ही सोसवते.

दुकानातली दुसरी मोठी झीज ओझ्याने होते. साड्यांचे गठ्ठे, चादरी आणि टॉवेलांचे बिंडे माळ्यावर असतात. खालून हाक गेली की वरचा पोऱ्या गठ्ठा टाकतो आणि खालचा झेलतो. पाहायला ही कसरत झकास. पण झेलताना हात लांब, मान मागे आणि कंबर पिळलेली असते. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार सगळी परिस्थिती अनुकूल असेल तेव्हा एका माणसाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा २३ किलो धरतात. अनुकूल म्हणजे ओझे अंगाशी, साधारण कंबरेच्या उंचीवर, न वळता आणि क्वचितच उचलायचे. तेच ओझे घोट्यांच्या रेषेपासून ५० सेंटिमीटर पुढे धरले की मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोवर येते. वाकणे, पिळणे आणि वारंवारता धरली तर ती आणखी घसरते. यावरचा उपाय अगदी किराणा दुकानातला आहे: रोज खपणारा आणि जड माल मांडी ते खांदा या उंचीतल्या कप्प्यांत ठेवायचा आणि सणासुदीचा, हलका माल वर चढवायचा. माळा ठेवायचाच असेल तर शिडी पक्की हवी आणि गठ्ठा फेकायच्या ऐवजी हातोहात द्यायला हवा.

काउंटरची उंचीही सुताराच्या मनावर सोडलेली असते. हलक्या कामासाठी पृष्ठभाग उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा थोडा खाली असला की खांदे उचलावे लागत नाहीत आणि पाठही वाकत नाही. पण कोपर कुणाचे धरायचे? परदेशी मोजमापे इथे जशीच्या तशी चालत नाहीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांचे पुस्तक प्रसिद्ध केले, ते याच कारणाने. ठेंगण्या मुलीसाठी पायाखाली लाकडी फळी आणि उंच माणसासाठी काउंटरचा उंच भाग, एवढी तडजोड कोणत्याही दुकानात बसते. काउंटरच्या खाली वीतभर उंचीची पट्टी ठेवली तर एक पाय तिच्यावर टेकवून कंबरेला आराम देता येतो. थोड्या वेळाने पाय बदलायचा. फरशीवर जाड रबरी चटईचा तुकडा टाकला की टाचा कमी दुखतात.

आणि स्टूल. सगळ्या उपायांत स्वस्त हाच, आणि अडतो तोही इथेच. गिऱ्हाईक आले आणि माणूस बसलेला दिसला तर दुकानाची अदब गेली, असा व्यापारातला समज आहे. ब्रिटनमध्ये हाच समज इतका रुजलेला होता की १८९९ मध्ये दर तीन विक्रेत्या स्त्रियांमागे किमान एक बैठक ठेवण्याचा कायदा करावा लागला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमातल्या ४४ व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला, कामाच्या ओघात टेकायची संधी मिळेल तेव्हा बसता यावे अशी सोय बंधनकारक केली. गिरण्यांच्या सोलापुरात याचा अर्थ सहज कळावा. पण ते कलम कारखान्यांपुरते होते. काउंटरमागचा माणूस त्यात आला नाही.

दुकानांचा प्रश्न केरळमधून वर आला. कोझिकोडच्या मिठाई थेरू या बाजारपेठेत शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी विक्रेत्या बायकांची संघटना बांधली. मागण्या दोन होत्या: बसायला जागा आणि स्वच्छतागृह. स्वच्छतागृह नसल्याने बायका दिवसभर पाणीच पीत नसत आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने आजारी पडत. केरळने २०१८ मध्ये दुकाने कायदा बदलून बसण्याचा हक्क दिला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच बदल केला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने अधिनियमात पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद झाली, पण हा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचे ठरवले. चार-पाच नोकरांच्या दुकानात म्हणजे मालकाची समज हाच कायदा. ती समज यायला शेठने एक दिवस स्वतः गल्ला सोडून काउंटरमागे उभे राहावे, याहून चांगले प्रशिक्षण नाही.

नवी पेठेत विकला जाणारा काही माल याच शहरात तयार होतो, आणि तिथे शरीराची झीज वेगळ्या जागी होते. गणवेशाच्या शिलाईत कारागीर पाठ नसलेल्या स्टुलावर बसून सुईवर डोळे खिळवतो. मान पुढे, उजवा पाय पायटीवर. इथे खुर्चीला कंबरेशी आधार, मशीनचे टेबल कारागिराकडे किंचित उतरते आणि सुईवर थेट पडणारा दिवा इतके केले तरी मान बरीच सरळ होते, कारण बहुतेक वेळा माणूस दिसत नाही म्हणून वाकतो. पूर्व भागातल्या यंत्रमागांवर कामगार उभा असतो आणि मागांच्या ओळींत फिरत असतो, म्हणून पोटऱ्या त्यातल्या त्यात बऱ्या. तिथे तुटलेला धागा जोडायला पुढे वाकणे, उकाडा आणि खडखडाट हे जास्त छळतात. कानांत बोळे घालायची सवय मात्र रुजलेली नाही.

पण या शहरातली सगळ्यांत अवघड बैठक विडी वळणाऱ्या बायकांची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री. पान मापाने कापायचे, भरायचे, वळायचे, तोंड दुमडायचे, आणि दिवसाची मोजदाद हजारात. मान सतत खाली, अंगठे-बोटे न थांबणारी, गुडघे दुमडलेले. काम घरी होते, त्यामुळे कारखान्यांचा निरीक्षक तिथे पोचत नाही आणि पाठीला काय हवे हे पाहायला मालकही येत नाही. करता येण्याजोग्या गोष्टी किरकोळ आहेत: भिंतीला पाठ टेकून बसणे, बुडाखाली पाट किंवा उशी घेऊन गुडघे कमी दुमडणे, सूप मांडीऐवजी बुटक्या चौरंगावर ठेवणे म्हणजे मान तेवढी वर येते, पान कापणे आणि वळणे आलटून पालटून करणे म्हणजे त्याच बोटांवर सगळा भार पडत नाही. मजुरी नगावर असल्याने थांबणे बाईला परवडत नाही. म्हणून चौरंगाचा आणि पाटाचा खर्च विडी कंपन्यांनी उचलायला हवा, आणि मजुरीचा दर ठरवताना मधल्या विश्रांतीचा वेळ धरायला हवा.