शिरगावची लईराई आणि तिच्या बहिणी

गोव्यातील डिचोली तालुक्यात शिरगाव नावाचे एक खेडे आहे. तेथे वैशाख शुद्ध पंचमीस श्रीलईराई देवीची जत्रा भरते. रात्री लाकडांची उंच रास पेटविली जाते आणि पहाटेच्या सुमारास हजारो व्रतस्थ भक्त तिच्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालत जातात. या भक्तांस ‘धोंड’ असे म्हणतात. देवीच्या उपासनेत अग्नीला एवढे महत्त्व का प्राप्त झाले, याचे उत्तर एका जुन्या कथेत सापडते.

सात बहिणी आणि खेतोबा नावाचा एक भाऊ, अशी ही भावंडे फिरत फिरत मये गावी आली. चूल पेटवावयाची म्हणून लईराईने भावाला विस्तव आणावयास धाडले. वाटेत गावची मुले खेळत होती. खेतोबा त्यांच्यात रमला आणि विस्तवाची गोष्ट विसरून गेला. बऱ्याच वेळाने लईराई शोधत आली, तो भाऊ खेळात दंग! संतापाच्या भरात तिने त्याला लाथ मारली. राग ओसरल्यावर मात्र तिला पश्चात्ताप झाला, आणि या अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून आपण दरवर्षी अग्नीतून चालत जाऊ, असा तिने पण केला. धोंड निखारे तुडवितात ते देवीच्या या प्रायश्चित्तात सहभागी होण्यासाठी, अशी श्रद्धा आहे.

त्यानंतर भावंडांची पांगापांग झाली. महामाया मये येथे राहिली, केळबाई मुळगावला गेली, मोरजाई पेडण्यातील मोरजीला गेली. सातही नावे सर्वत्र सारखीच सांगितली जातात असे नाही. परंतु एक नाव हटकून येते, ते मिराबाईचे. ही बहीण म्हापशास गेली आणि ख्रिस्ती होऊन ‘मिलाग्रीस सायबीण’ झाली, असे लोक सांगतात. म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चमध्ये ईस्टरनंतर होणाऱ्या तिच्या फेस्ताला ख्रिस्ती आणि हिंदू असे दोन्ही समाज लोटतात व तिला तेल वाहतात. शिरगावहून बहिणीला तेल जाते आणि म्हापशाहून लईराईला मोगऱ्याची फुले येतात, असा या दोन देवस्थानांमधील स्नेहाचा रिवाज सांगितला जातो.

ही कथा नुसती मनोरंजनाची नव्हे. बारदेश प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. म्हापशाचे चर्च १५९४ मध्ये स्थापन झाले. डिचोली मात्र १७८१ च्या सुमारास त्यांच्याकडे आली. म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ या दोन बहिणींच्या गावांमध्ये राज्याची सीमा होती. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच भाषेची, बहुधा एकाच रक्ताची माणसे राहत होती. कोणाचा धर्म बदलला, कोणाचा तोच राहिला. या ताटातुटीला लोकमानसाने वैराचे रूप दिले नाही, नात्याचे दिले. बहीण दुसऱ्या घरी गेली, एवढाच त्याचा अर्थ लावला. धर्म बदलला तरी बहीणपण सुटत नाही, हे या कथेचे सार होय.

लईराईची मूर्ती नाही. ती कलशाच्या रूपाने पूजिली जाते. मोगरा हे तिचे आवडते फूल. धोंड जत्रेपूर्वी काही दिवस सोवळे पाळतात, स्नान करूनच अन्न शिजवितात आणि खातात. जत्रेत त्यांच्या गळ्यात मोगऱ्याच्या माळा आणि हातात रंगीत गोंड्यांनी सजविलेला वेत असतो. निखारे ओलांडल्यावर माळा उतरवून व्रताची सांगता होते. हे व्रत एका जातीचे नाही. शेतकरी, मजूर, कारकून, व्यापारी, सारेच त्या रात्री केवळ धोंड असतात. गोव्याप्रमाणेच सिंधुदुर्गातूनही ते येतात.

गर्दी वाढली, तसा धोकाही वाढला. ३ मे २०२५ च्या पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि काही भाविक प्राणास मुकले. एका क्षणाच्या बेसावधपणाची आणि जन्मभराच्या पश्चात्तापाची कथा जेथे दरवर्षी सांगितली जाते, तेथे तरी शेजारच्या माणसाचा जीव जपणे हे व्रताचेच एक अंग मानले गेले पाहिजे. अग्नी तर पहाटे विझतो. भावंडांचे नाते मात्र वर्षभर सांभाळावे लागते.