‘दिल्ली सफारी’ : एक बिबट्या, तीन मते

एखादा चित्रपट चांगला की वाईट, हे कोणी ठरवायचे? वर्गात समीक्षा शिकवताना सरांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही सर्वांनी माना खाली घातल्या. ‘समीक्षा’ हा शब्दच मी कॉलेजात आल्यावर ऐकला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरी चित्रपटाबद्दल ‘बरा व्हता’ किंवा ‘झोप आली’ एवढीच दोन मते असतात. पण ‘दिल्ली सफारी’ या चित्रपटाने मला सरांच्या प्रश्नाकडे पुन्हा वळवले.

निखिल अडवाणी यांनी दिग्दर्शित केलेला आणि पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने तयार केलेला हा ॲनिमेशनपट 19 ऑक्टोबर 2012 रोजी प्रदर्शित झाला. कथा थोडक्यात अशी : मुंबईच्या जंगलावर बुलडोझर येतात. युवी नावाच्या बिबट्याच्या बछड्याचा बाप मारला जातो. मग युवी, त्याची आई, बजरंगी माकड आणि बग्गा अस्वल हे माणसांची भाषा बोलणाऱ्या ॲलेक्स पोपटाला घेऊन दिल्लीला निघतात. आमचे जंगल का तोडता, हे त्यांना संसदेला विचारायचे असते.

पहिले मत समीक्षकांचे. मी वाचलेल्या परीक्षणांचा सूर साधारण असा होता : संदेश चांगला, गोविंदाच्या आवाजातला बजरंगी गमतीदार, पण ‘द लायन किंग’ (1994) आणि ‘मादागास्कर’ (2005) यांची फार आठवण होते, आणि चित्रांत हॉलीवूडची सफाई नाही.

दुसरे मत शहरातल्या प्रेक्षकांचे. ते त्यांनी तिकीटबारीवर दिले. त्याच दिवशी ‘स्टुडंट ऑफ द इयर’ लागला होता. गर्दी तिकडे गेली. पुढे 60 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘दिल्ली सफारी’ उत्कृष्ट ॲनिमेशनपट ठरला, पण तोवर तो चित्रपटगृहांतून उतरला होता.

तिसरे मत आमच्या वस्तीवरचे. 2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी हा चित्रपट घरच्यांना मोबाईलवर दाखवला. आमचे विघ्नहराचे ओझर कुकडीकाठी, येडगाव धरणाच्या पाण्याजवळ आहे. त्याच दिवसांत शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत परिसरात, बिबट्याच्या हल्ल्यांत तीन आठवड्यांत तीन जीव गेले. अशा वेळी बिबट्या हाच नायक असलेला चित्रपट घरात कसा पाहिला जाईल, याची मला धास्तीच होती.

युवीचा बाप मेला तेव्हा धाकटा भाऊ मुसमुसू लागला. आजी म्हणाली, “आपली शेळी नेली तव्हा कुठं रडला व्हतास?” आईने काहीच मत दिले नाही, पण बछडा आईला बिलगला, तेव्हा तिने भावाला जवळ ओढले. वडील बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, “ह्याला जंगल तरी व्हतं. आपल्याकडचा तर उसातच जन्मतो.”

हे वाक्य मला सगळ्या परीक्षणांपेक्षा नेमके वाटले. धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला. बारा ते अठरा महिने उभा राहणारा ऊस बिबट्याला आडोसा देतो. वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या त्याला अन्न देतात. तोडणीच्या हंगामात मजुरांना फडात बछडे सापडतात. युवीचे ‘घर’ माणसाने तोडले. आमच्याकडचे, नकळत का होईना, माणसानेच लावले.

‘त्याला जंगलात नेऊन सोडा,’ असे आपण सहज म्हणतो. तो प्रयोग आपल्याच जुन्नर भागात झालेला आहे. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, बिबटे मोठ्या संख्येने पकडून दुसरीकडे सोडायला लागल्यावर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले.

मग चित्रपट खोटा ठरतो का? मला तसे वाटत नाही. मुंबईच्या जंगलापुरते त्याचे म्हणणे खरे आहे, आणि माझ्या भावाला दीड तास बिबट्याच्या जागी उभे करणे ही लहान गोष्ट नव्हे. उणीव एवढीच की, बिबट्याला भिणारा गरीब माणूस त्यात मला कुठे भेटला नाही. समीक्षकांनी चित्रांची सफाई मोजली, पुरस्काराने गुणांची दखल घेतली. पण ज्याच्या दारात बिबट्या येतो त्या प्रेक्षकाचे मत कोणी विचारले नाही. सरांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, तेही मत समीक्षेत धरले पाहिजे.

चित्रपट संपला तेव्हा रात्रीची लाईट आली होती. वडील बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी द्यायला निघाले. भावाने डोळे पुसले आणि ओरडून सांगितले, “आण्णा, मोबाईलवर मोठ्यांदा गाणी लावून जा!” बिबट्यासाठी रडणारा आणि वडिलांसाठी घाबरणारा हा एकच प्रेक्षक होता.