‘द्मामा दका’ : वस्त्रगाळ शांतता

एलियाहू हन्नाबींचे नाव घेतले की आपल्या लोकांना मलिद्याचे ताट आठवते, अलिबागजवळच्या खंडाळ्याचा खडक आठवतो. त्या खडकावरून त्यांचा रथ आकाशात गेला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सगळा गाजावाजाच! पण ‘मेलाखीम अलेफ’च्या 19 व्या अध्यायात याच नबींना देवाची भेट झाली ती फार निराळ्या रीतीने.

ईझेवेल राणीच्या धाकाने नबी पळाले आणि 40 दिवस, 40 रात्री चालून होरेव डोंगरावर पोहोचले. तेथे आधी खडक फोडणारा वारा आला, मग भूकंप, मग अग्नी. देव यांपैकी कशातच नव्हता. अग्नीनंतर आले ते ‘कोल द्मामा दका’. ते ऐकताच नबींनी झग्याने तोंड झाकले.

‘कोल’ म्हणजे आवाज. ‘द्मामा’ म्हणजे निश्चल शांतता. (मराठीत दमामा म्हणजे मोठा नगारा! दोहोंचा संबंध काही नाही, पण आपल्या कानांना गंमत वाटते.) राहिला ‘दका’. नातवंडे ‘ओद दका’ म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ मिनिट. येथे मात्र ते विशेषण आहे, अर्थ बारीक. फारोच्या स्वप्नातल्या रोड गाई ‘दकोत’, रानातला मान ‘दक’, आणि किपुरच्या दिवशी कोहेन गादोल आत नेई तो धूप ‘दका’, म्हणजे कुटून वस्त्रगाळ केलेला.

आता व्याकरण पाहू. ‘कोल’ पुल्लिंगी, त्याला ‘दक’ लागले असते. ‘दका’ स्त्रीलिंगी, म्हणून ते ‘द्मामा’चे विशेषण. बारीक आहे ती शांतता. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात ‘स्टिल स्मॉल व्हॉइस’ झाले आणि लहानपण आवाजाकडे गेले. इंग्रजी कानाला गोड लागते खरे, पण आम्हाला मूळच अधिक पटते. शांततेला आवाज कसा, हा प्रश्न मुळातच ठेवलेला आहे. भाषांतराने तो मिटवू नये.

सिनेगॉगमध्ये हा भाग पिन्हास परशाच्या हफ्तारात येतो, पण तो शब्बाथ 17 तम्मुझच्या आधी आला तरच. बहुतेक वर्षी तो नंतर येतो आणि यिर्मियाहूंचा भाग वाचला जातो. तेव्हा यंदाचा लुआख पाहून ठेवा. वाचन असेल तर 12 व्या पासुकावर बोट ठेवून नातवंडाला विचारा, येथे ‘दका’ म्हणजे काय. बहुधा ते ‘मिनिट’च म्हणेल.