‘ला’ आणि ‘कडून’, ‘टू’ आणि ‘फ्रॉम’

नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग लागतात. समजा, आपण तेथे मिरची विकली. आता या दोन चिठ्ठ्या वाचा.

व्यापाऱ्याने ५०० रुपये दिले.

व्यापाऱ्याला ५०० रुपये दिले.

‘दिले’ हा शब्द दोन्हीकडे आहे. रक्कमही तीच. पण पहिल्या चिठ्ठीत पैसे आपल्या हाती आले, दुसरीत आपल्या हातून गेले! हा सारा फरक ‘ने’ आणि ‘ला’ यांनी केला. म्हणून अंगठा किंवा सही करण्याआधी शब्दाचे शेपूट वाचावे.

जमिनीच्या कागदात तर दोनदा वाचावे. जमीन महसूल संहिता, १९६६ हा आपल्या राज्याचा कायदा आहे. त्याच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला कलेक्टरच्या पूर्वमंजुरीवाचून देता येत नाही. विकायची असेल तर कलेक्टरलाही आधी सरकारची मान्यता घ्यावी लागते. या कलमात ‘ला’ कोणाला लागला आहे, ते नीट पाहा.

अहिराणी बोलणारा ‘मला’ न म्हणता ‘माले’ म्हणतो. शेपूट वेगळे, काम तेच.

इंग्रजीतही असे छोटे शब्द आहेत. पण ते मागे चिकटत नाहीत, पुढे सुटे उभे राहतात. आपण म्हणतो, गाडी नंदुरबारहून सुरतेला गेली. इंग्रजीत म्हणतात, ‘फ्रॉम नंदुरबार टू सुरत’. ‘फ्रॉम’ म्हणजे हून किंवा कडून. ‘टू’ म्हणजे ला किंवा कडे. कोणाला काही द्यायचे तर ‘गिव्ह टू’, कोणाकडून घ्यायचे तर ‘टेक फ्रॉम’.

येथवर सोपे आहे. गंमत पुढेच आहे. छोटा शब्द बदलला की क्रियेचा अर्थही बदलतो. आपल्याकडे नाही का? ‘सासरा जावयाशी बोलला’ म्हणजे चार गोष्टी झाल्या. ‘सासरा जावयाला बोलला’ म्हणजे कानउघाडणी झाली!

तसाच इंग्रजीत ‘लुक’ हा शब्द. लुक म्हणजे पाहणे. ‘लुक अ‍ॅट’ म्हणजे एखाद्या वस्तूकडे पाहणे. ‘लुक फॉर’ म्हणजे हरवलेली वस्तू शोधणे. ‘लुक आफ्टर’ म्हणजे गुराढोरांना, लेकरांना सांभाळणे. एकट्या ‘आफ्टर’चा अर्थ ‘नंतर’ असा आहे. पण ‘लुक आफ्टर’ म्हणजे ‘नंतर पाहणे’ नव्हे. असे शब्द सुटे करून अर्थ लावू नये, जोडीनेच ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्राच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. घरी मूल ‘लुक’ म्हणून थांबले, तर त्याला एवढेच विचारा, “अरे, पुढचा शब्द कोणता?”