सरखेल: घोडदळातून समुद्रावर आलेला हुद्दा

कान्होजी आंग्रे यांच्या नावापुढचे ‘सरखेल’ हे आडनाव नाही. तो मराठा आरमाराच्या सरसेनापतीचा हुद्दा होता. कान्होजींनंतर तो त्यांच्या मुलांना मिळाला: आधी सेखोजींना, मग संभाजींना आणि तुळाजींना. कुलाबा किल्ल्यावरच्या मानाजी या मुलाला मात्र ‘वजारतमाब’ हा वेगळा किताब होता. घराणे एकच असले, तरी सगळेच आंग्रे सरखेल नव्हते.

या शब्दाचा अर्थ समुद्राशी जोडला जातो, पण त्यात पाण्याचा थेंबही नाही. फारसीत ‘सर’ म्हणजे प्रमुख, आणि अरबीतून आलेला ‘खैल’ म्हणजे घोडे, घोडेस्वारांची तुकडी. दिल्लीच्या सुलतानांच्या फौजेत दहा स्वारांच्या म्होरक्याला सरखेल म्हणत. दहा घोड्यांवरच्या माणसाचे हे नाव मराठ्यांकडे अख्ख्या आरमाराच्या धन्याचे झाले. ‘अ‍ॅडमिरल’चीही कुळी अशीच जमिनीवरची: त्याचे मूळ अरबी ‘अमीर’, म्हणजे हुकूम देणारा.

कान्होजी शिवछत्रपतींचे सरखेल होते, असेही सर्रास सांगितले जाते. महाराज 1680 मध्ये गेले, तेव्हा कान्होजी अजून पोरवयात होते. महाराजांच्या आरमारात दौलतखान, मायनाक भंडारी ही माणसे होती. कान्होजींचा उदय राजारामांच्या कारकिर्दीतला. पुढे ताराबाई आणि शाहू यांच्यातल्या गादीच्या वादात ते ताराबाईंच्या पक्षात राहिले. शाहूंच्या वतीने बाळाजी विश्वनाथांनी बोलणी केली, तेव्हा ते शाहूंकडे आले आणि शाहूंनी त्यांची सरखेली कायम केली.

सर्वांत चिवट गैरसमज इंग्रजांनी रुजवला, तो ‘चाचा आंग्रे’ हा. चाच्याला राजाची सनद नसते. कान्होजींकडे छत्रपतींनी दिलेला हुद्दा होता, किल्ले होते, मुलूख होता. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबतांनी त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे आणि त्याचे शुल्क भरावे, असा त्यांचा दंडक होता. दस्तक नसेल तर जहाज धरले जाई. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून याच समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचे परवाने सक्तीने विकत होते. त्यांना सहसा कोणी चाचे म्हणत नाही. आपल्या जहाजांना दस्तक लागू नाही, हे इंग्रजांचे म्हणणे कान्होजींनी मानले नाही. इंग्रजांच्या लेखी गुन्हा तेवढाच, आणि त्यांची तीच शिवी आपल्याही पुस्तकांत शिरली याचे मला वाईट वाटते. 1718 मध्ये इंग्रज कान्होजींच्या खांदेरी किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. 1721 मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन ते अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले, तेव्हाही तेच झाले. दोन सत्तांनी मिळून फौजा उतरवाव्यात, इतके बळ लुटारूंच्या टोळीत कुठून येणार?

कान्होजी 1729 मध्ये वारले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. त्यांच्या नावाचे मुंबईतले ‘आयएनएस आंग्रे’ हे मात्र जहाज नव्हे. तो भारतीय नौदलाचा किनाऱ्यावरचा तळ आहे आणि 1951 पासून त्याला हे नाव आहे.